पेनड्राइव्हवर पिक्चर का टाकून दिला नाही, त्याचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर पाडल्यावर वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की पैसे देऊन घेतलेला पिक्चर साधा पेनड्राइव्हवर टाकून देत नाहीत, वर ५० रुपये घेतात आणि जुन्या डीव्हीडी गळ्यात मारायला बघतात. आधी ५० रुपयांचं बोलतो. ते घ्यायलाच नको होते. मी तेव्हा हर्णैला कॅमेरे बसवायला गेलो होतो, दुकानातल्या मुलाने तासभर खटपट केली म्हणून चेकिंगचे लावले, पण काम झालं नाही तर पैसे नाहीत असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे. ज्या नंबरवरून तुम्ही पे केलं होतं त्यावरच आज सकाळी परत पाठवलेत, बघून घ्या.

दुसरी चूक पण आमचीच, मुलाने "होत नाय" एवढंच सांगितलं, का होत नाही ते सांगितलं नाही. गणपतीत चार-पाच चाकरमानी तरी हेच काम घेऊन येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ॲपमध्ये ४९० रुपये भरून पिक्चर "बाय" केलात, डाउनलोड झाला, फोनची जागा पण खाल्ली. पण ती फाइल म्हणजे कुलूप लावलेली पेटी आहे आणि चावी ॲपकडे, ती पण तुमच्या खात्याला आणि त्या एका फोनला बांधलेली. ह्याला डीआरएम म्हणतात, गूगलचं वाइडवाइन, ॲपलचं फेअरप्ले, नावं वेगळी काम तेच. फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली तरी वाडीतल्या तुमच्या बाबांच्या टीव्हीकडे चावी नाही, तो फॉरमॅट चालत नाही म्हणूनच दाखवणार. मुलाने तुमच्यासमोर फोन कन्व्हर्टर लावून दुकानातल्या जुन्या मॉनिटरला जोडला, तेव्हा गाणं स्पष्ट ऐकू येत होतं आणि स्क्रीन काळाठिक्कर. तुम्हाला वाटलं वायर खराब आहे. वायर चांगली होती दादा, त्या मॉनिटरकडे एचडीसीपी, म्हणजे वायरीतून जाणारं चित्र कॉपी होऊ नये म्हणून असलेली सोय, नाही म्हणून ॲपने चित्र बाहेर सोडलंच नाही.

हे कुलूप तोडणारी सॉफ्टवेअरं मिळतात, मला माहीत आहे, पण ते मी करणार नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ए कलम आलं, कॉपीराइट मोडायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तुमचा हेतू वाईट नाही, बाबांना पिक्चर दाखवायचाय एवढंच, पण मी दुकान मांडून बसलोय, आज तुम्हाला करून दिलं की उद्या दहा जणांना द्यावं लागेल आणि सगळ्यांचा हेतू तपासत मी बसू शकत नाही. बाजारात दुसरीकडे २० रुपयांत होतं असं तुम्ही म्हणालात, तिथे तुमची फाइल कोणी उघडत नाही, टेलिग्रामवरची चोरीची कॉपी भरून देतात. मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं, की ज्याने सरळ पैसे मोजले त्याचा पिक्चर टीव्हीवर लागत नाही आणि फुकट्याचा लागतो. तुमचा राग खरा आहे, फक्त तो आमच्या काउंटरवर निघाला.

कारण मुळात ते "बाय"चं बटणच फसवं आहे. आपल्याकडे आंब्याची बाग कराराने घेतात ना, फळ काढायचा हक्क मिळतो, कलमं मालकाचीच राहतात, तसं हे आहे, आणि तिथे निदान दोघांना माहीत असतं की करार आहे. इथे लिहितात "खरेदी" आणि देतात बघायची परवानगी. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आला की असं लायसन्स विकताना बाय लिहायचं असेल तर हे लायसन्स आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. अल्ट्राव्हायोलेट नावाची सर्व्हिस होती, लोकांचे घेतलेले पिक्चर एका जागी ठेवायची, ती ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये पिक्चर विकायचं थांबवलं, आधी घेतलेले चालू आहेत म्हणतात, पण ते चालू ठेवणं त्यांच्या हातात, आपल्या नाही.

आता डीव्हीडीचं, हे वाक्य मला लागलं म्हणून सांगतो. हे दुकान आधी कॅसेटचं होतं, गणपतीत वाडीवाले टीव्ही-व्हीसीआर भाड्याने न्यायचे, जाखडी नाच संपला की पिक्चर लावायचे आणि पहाटेपर्यंत अंगण भरलेलं असायचं. पुढे २००७ च्या सुमारास मोझर बेअर ह्या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा आम्ही खोकीच्या खोकी विकली. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली तरी त्या डिस्क अजून चालतात, कोणाला विचारावं लागत नाही. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, इथे कित्येकांचे पत्रे उडाले, नंतर एक काकी चिखलाने माखलेली डिस्क घेऊन आल्या, त्यांच्या मुलीच्या लग्नाची. साबणाच्या पाण्यात धुतली, मऊ कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल फिरवून पुसताना पडलेला चरा जास्त नडतो, आणि लागली. लाइट आली होती, नेटवर्कचा पत्ता नव्हता, काकी स्टुलावर बसून पूर्ण बघून गेल्या.

डिस्कचे दोष पण आहेत. आपल्या दमट हवेत बुरशी धरते, प्लेअरची लेन्स जाते, नवे मराठी पिक्चर डिस्कवर मिळणं कठीण, आणि पिक्चरच्या डीव्हीडी देशांच्या झोनप्रमाणे लॉक असतात, दुबईहून कोणी पाठवलेली डिस्क झोन २ ची, आपला झोन ५, त्यामुळे ती आपल्या प्लेअरवर अडते. पण तुमच्या बाबांच्या वाडीत रेंज नाही, तुम्हीच म्हणालात फोन लावायला वडाजवळ यावं लागतं, म्हणून मुलाने डीव्हीडी सुचवली. ती १२० रुपयांची होती, त्यावर माझा बंगला होणार नाही.

माझं मत विचाराल तर एकदाच बघायचा पिक्चर असेल तर ४९० घालू नका, भाड्याने घ्या. भाड्यात साधारण ३० दिवसांत सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा असतो. परत परत बघणार असाल, घरात चांगलं नेट असेल आणि तो ईमेल आयडी जपणार असाल तर विकत घेतलेला परवडतो. पण तो मुलांच्या नावावर करता येईल असं समजू नका, ह्याला सातबारा नाही. आणि रेंज नसलेल्या घरासाठी तर मी कोणालाच घ्यायला सांगणार नाही.

तुमचे ४९० मात्र गेलेले नाहीत. पुढच्या वेळी याल तेव्हा टॅब घेऊन या, बाजारात रेंज आहे तोवर त्याच खात्याने लॉगिन करून ॲपमध्येच डाउनलोड करा, वाडीत जायच्या आधी एकदा प्ले करून बघा, फ्लाइट मोडवर पण चालतो का ते तपासा, मग बाबांना टॅबवर दाखवता येईल. टीव्हीवरच हवा असेल तर टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा आणि तुमच्या फोनच्या मॉडेलचा फोटो पाठवा, कुठला कन्व्हर्टर चालेल ते मी आधी इथे लावून बघतो, चालला तरच घ्या. दुकान सोमवारी बंद असतं, बाकी सकाळी दहापासून मी स्वतः आहे.