ट्रॅव्हिसलाही आईवडील होते

'टॅक्सी ड्रायव्हर' या अमेरिकन चित्रपटाला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत जी चर्चा झाली, तिचा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. त्याचा नायक ट्रॅव्हिस बिकल ही कुटुंब मोडलेल्या अमेरिकेची निपज आहे, आपल्याकडे माणूस इतका एकटा पडूच शकत नाही, असे सर्वांनी इतक्या समाधानाने म्हटले की त्यांनी चित्रपट लक्षपूर्वक पाहिला आहे का, अशी मला शंका येते.

१९७६च्या या चित्रपटातला ट्रॅव्हिस मे १९७३मध्ये मरीन या अमेरिकी सैन्यदलातून सन्मानाने सेवामुक्त झालेला आहे. रात्री झोप लागत नाही, म्हणून तो टॅक्सीची रात्रपाळी मागतो. त्याला कामावर घेणारा मनुष्यही एकेकाळचा मरीनच असतो. पुढे डोक्यात भलते विचार येऊ लागल्यावर तो विझार्ड या मुरलेल्या चालकाजवळ तसे बोलूनही दाखवतो. शिवाय त्याला आईवडील आहेत, आणि त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी तो भेटकार्ड लिहितो. आपण सरकारचे गुप्त काम करतो, त्यामुळे पत्ता कळवता येत नाही, आणि बेट्सी नावाच्या मुलीशी आपले जमले आहे, असे तो त्यांना कळवतो; प्रत्यक्षात बेट्सीने त्याला केव्हाच दूर केलेले असते. मार्टिन स्कोर्सेसीच्या या चित्रपटात शेवटच्या रक्तपातापेक्षा मला हे कार्ड अधिक भयंकर वाटते, कारण त्यात माया खरी आहे आणि मजकूर खोटा.

ज्या अमेरिकेला नावे ठेवली जातात, तिथे १९८० साली, व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळेही, युद्धाने मनावर केलेल्या आघाताला मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातून पिढ्यानपिढ्या माणसे सैन्यात जातात, आणि निवृत्तीनंतर त्यांतले काही पुण्यामुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारा करतात. माझे मित्र त्यांच्याकडे पार्सल ठेवायला देतात. त्यांना दिवसा झोप लागते का, हे माझ्या मित्रांपैकी कोणी कधी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

हा विषय मला एवढा का झोंबतो, तेही सांगायला हवे. माझी नोकरी गेली तेव्हा मी रोज नेहमीच्या वेळी जर्सी सिटीहून पाथ ही लोकल गाडी पकडून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला जात होतो आणि ब्रायंट पार्कशेजारच्या ग्रंथालयात अर्ज भरत बसत होतो. रविवारी घरी फोन केला की काम फार आहे, म्हणून या दिवाळीला येणे जमणार नाही, असे आईला सांगत होतो. आमचे घर भरलेले आहे, काकाकाकू, आत्या, सगळे फोनवर येतात, आणि म्हणूनच एवढ्या माणसांसमोर खरे बोलणे मला अशक्य झाले. जर्सी सिटीतल्या माझ्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना मात्र मी जिन्यात उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले होते. घरी ते आजही कोणाला ठाऊक नाही.