गजर आणि गोळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणांच्या मोबाइल गटांची बाजू मांडणाऱ्या माझ्या मागील लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. असे गट म्हणजे अर्धवट माहितीची देवाणघेवाण, गोळी वेळेवर घ्यायची तर गजर लावावा, शंका समुपदेशकाला विचाराव्यात आणि गटातून कुणाचे नाव फुटले तर जबाबदार कोण, असे आपण लिहिले आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, पण आधी गजराविषयी.

गजर विसराळूपणावरचा उपाय आहे. वसतिगृहात चौघांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला रात्रीचे नऊ वाजलेले कळत नाहीत असे नव्हे; रोज कसली गोळी घेतोस, असे कुणी विचारेल याची त्याला धास्ती असते आणि म्हणून त्या दिवसाचा डोस राहून जातो. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्रित गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असते आणि एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रावर, ती मोफत मिळते, तरीही ही अडचण उरतेच. बाटली खुळखुळू नये म्हणून तिच्यात कापसाचा बोळा घालावा, हे त्याच प्रसंगातून गेलेला मुलगाच सहज सांगतो. समुपदेशकांविषयी मला आदर आहे, पण त्यांची भेट केंद्रावर, दिवसाच्या वेळी होते.

समवयस्कांच्या आधाराने प्रत्यक्षात फरक पडतो का, याचे मला माहीत असलेले सर्वांत भक्कम उत्तर झिम्बाब्वेचे आहे. 'झ्वान्दिरी', म्हणजे शोना भाषेत 'मी जसा आहे तसा', या उपक्रमात एचआयव्हीसह जगणारेच १८ ते २४ वर्षांचे प्रशिक्षित तरुण किशोरवयीनांच्या पाठीशी उभे राहतात. बिंदुरा आणि शामवा जिल्ह्यांतील १६ दवाखान्यांत झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९६ आठवड्यांनंतर विषाणू आटोक्यात नसलेल्या किंवा मृत्यू पावलेल्या किशोरांचे प्रमाण झ्वान्दिरीचा आधार मिळालेल्यांत २५ टक्के, तर नेहमीच्या सेवेत ३६ टक्के होते. मात्र तेथे गृहभेटी आणि आधारगट होते, फोनवरील संदेश हा त्यातला केवळ एक भाग होता. मागील लेखात मी हा फरक पुसट केला, ही माझी चूक आहे.

आता नाव फुटण्याविषयी. विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची माहिती संमतीविना उघड करण्यास भारतातील २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई केली आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण नाव एकदा फुटल्यावर कायद्याने ते परत झाकले जात नाही. साध्या व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रत्येकाला इतरांचे क्रमांक दिसतात आणि एकाच तालुक्यातल्या मुलांत एवढेही पुरेसे असते. म्हणून असा गट एआरटी केंद्राशी जोडलेल्या प्रशिक्षित व्यक्तीनेच चालवावा आणि क्रमांक झाकता येतील असेच माध्यम निवडावे, असे माझे मत आता झाले आहे. विषाणू तपासणीत दिसेनासा झाला म्हणून गोळी थांबवू का, असा प्रश्न गटात आला, तर उत्तर 'थांबवू नकोस, उद्याच केंद्रावर जा' एवढेच असावे. येथे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.