घरी ब्रेकची हवा काढणं म्हणजे जिवाशी खेळ? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरी ब्रेक ऑइल बदलून ब्रेकमधली हवा काढण्याबद्दलची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: ब्रेकला घरी हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ; पेडल कडक लागतंय तर ऑइल बदलायचं कशाला; आणि बदलायचंच तर डॉट ४ ऐवजी डॉट ५ (हे ब्रेक ऑइलचे प्रकार) का नको?

आधी पेडल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते कडकच लागणार. सप्तशृंगी गडाचा घाट उतरून पायथ्याच्या नांदुरीकडे येताना खरी परीक्षा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. वरच्या गियरमध्ये, प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत उतरलात तर तापलेल्या कॅलिपरमध्ये (चाकाची डिस्क आवळणारा भाग) ऑइलची वाफ होते. वाफ दबते, पेडल तळाला जातं, गाडी थांबत नाही. खाली पोहोचून थंड झालं की पेडल पुन्हा कडक! गॅरेजवालाही म्हणतो, ‘काही प्रॉब्लेम नाही.’

डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही. नादाला लागू नका. (डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच.) ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला.

आता जिवाशी खेळ. एकट्याने करा असं मी म्हणतच नाही. एक जण पेडलवर, दुसरा चाकापाशी. गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाकापाशी असलेल्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं हवं. ‘दाब, धरून ठेव’ म्हणायचं, निपल पाव आटा सैल करायचा. कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल येतं, मधूनच बुडबुडा सरकतो. निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा उलटी आत. सगळी मेहनत वाया जाते ती इथेच, किंवा वरची टाकी रिकामी होऊ दिली की. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा, प्रत्येक गाडीचा सारखा नसतो.

गंजलेलं निपल रिंग पान्यानेही हललं नाही तर जोर लावू नका, तुटेल. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो. तेव्हा गॅरेजच. आणि शेवटी इंजिन चालू करून पेडल दाबलं, ते स्पंजसारखं लागलं, तर गाडी गेटबाहेर काढायची नाही.

गॅरेजवर माझा राग नाही. नाशिकमध्ये द्वारका, सातपूरला हात बसलेले कारागीर आहेत. फक्त एवढं बघा: ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडला, की कोपऱ्यातला अर्धा उघडाच ओतला?