सिंधूला जगवायचं तर…

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मं पटलं. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

'शेवटाला वाचकाने हात लावू नये' हे माझ्या लेखातलं म्हणणं तुम्हाला लेखकधार्जिणं वाटलं. इंग्रज कादंबरीकार डिकन्सने स्वतःच मित्राच्या सांगण्यावरून शेवट बदलला, त्याचं काय, असं तुम्ही विचारलंत. आणि 'एकच प्याला' नाटकात दारुड्या नवऱ्याची बायको सिंधू जगली असती तर गडकऱ्यांचं काय बिघडलं असतं, असंही.

डिकन्सचं खरं आहे. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'च्या मूळ शेवटात नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम असतं ती एस्टेला लंडनच्या रस्त्यात ओझरते भेटतात. तिचं दुसरं लग्न झालेलं असतं. हातात हात घेतात, संपलं. १८६१ साली बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राला हे रुचलं नाही, तेव्हा डिकन्सने दोघांना पडक्या वाड्याच्या बागेत आणून भेटवलं. मूळ शेवट लोकांना कळला तो डिकन्स गेल्यावर, त्याचा मित्र फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून. हे मला ठाऊक होतं. गैरसोयीचं होतं म्हणून लेखात टाळलं. कबूल.

पण नवा शेवट पुन्हा वाचून पाहा. त्यांचं लग्न झालं असं डिकन्स कुठेच म्हणत नाही. पुढे ताटातूट होईल अशी सावली पिपला दिसत नाही, एवढंच. आणि हा पिप कोण, तर आपला उपकारकर्ता कोण हेसुद्धा ज्याला वर्षानुवर्षं चुकीचं वाटत आलं तो! त्याच्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा?

तुमच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा मीच देतो. १६८१ साली नेहम टेट नावाच्या कवीने शेक्सपिअरचं 'किंग लिअर' गोड करून टाकलं. मूळ नाटकात मरणारी लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया इथे जगते, एडगर या सरदारपुत्राशी लग्न करते, म्हातारा लिअर पुन्हा राजा होतो. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडेकशे वर्षं हेच चाललं. सॅम्युअल जॉन्सनसारखा खमका टीकाकारही कॉर्डेलियाच्या मरणाने इतका हादरला होता, की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत त्याने ते प्रवेश पुन्हा वाचले नाहीत. तेव्हा 'रडवू नका' म्हणणारा प्रेक्षक अडाणी असतो, असं मी यापुढे म्हणणार नाही.

मात्र टेटला काय काय करावं लागलं ते बघा. कॉर्डेलिया आणि एडगरचं प्रेम पहिल्याच अंकात पेरलं, तिला वरणारा फ्रान्सचा राजा काढला, विदूषकही उडवला. शेवट बदलायला बसला आणि अख्खं नाटक उसवून बसला.

आता सिंधू. खरं सांगू? तो शेवट मलाही बदलावासा वाटतो. पण तिचं मरण नव्हे, तिची जबानी. ज्याच्या हातून पोर गेलं त्या नवऱ्याला वाचवायला ती मरता मरता फौजदारापुढे खोटं बोलते. तिथे मला दर वेळी ओरडावंसं वाटतं, बाई, एकदा तरी खरं सांग! एकदा वहीत तो प्रवेश मी माझ्या पद्धतीने लिहूनही पाहिला. जमेना. कारण 'कशि या त्यजू पदाला' म्हणणारी, दळण दळून घर चालवणारी, तरी नवऱ्याविरुद्ध अवाक्षर न काढणारी बाई पाचव्या अंकात एकाएकी खरं बोलू लागली, तर ती कुणी दुसरीच वाटते. तिला बोलतं करायचं तर पहिल्या अंकापासून वेगळी बाई हवी. म्हणजे वेगळं नाटक. ते कुणी लिहावं, जरूर लिहावं, मी पहिल्या रांगेत बसेन. पण त्याला 'एकच प्याला'चा बदललेला शेवट म्हणू नये, इतकाच माझा हट्ट उरलाय.

बाकी वाचकाच्या हक्काचं म्हणाल तर आमच्या आजीने तो कधीच बजावला होता. गणपतीत हौशी मंडळींनी 'एकच प्याला' लावलं, की चौथ्या अंकानंतर ती चपला शोधायला लागायची. "उद्या लवकर उठायचंय" म्हणून घरी. आई शेवटपर्यंत बसायची.

सकाळी चहा गाळताना आजी हळूच विचारायची, "गेली का गं ती?"