रोबोटिक्सची सर्वांत कठीण स्पर्धा कोणती, हे मधल्या फळीवरून ठरवावे

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांचा हंगाम जवळ आला की पुण्यातल्या शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या संघांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: यंदा सर्वांत कठीण स्पर्धा कोणती ठरेल? उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणते, जिथे मागच्या वर्षीचा विजेता उतरणार आहे ती. कोणी म्हणते, जिथे सर्वाधिक संघ आहेत ती. आणि पालकांच्या बैठकीत बहुधा असे उत्तर मिळते की जिच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आहे ती. मी महाविद्यालयात असताना रोबोकॉन या महाविद्यालयीन संघांच्या रोबो स्पर्धेच्या संघात होतो आणि आता शालेय मुलांच्या एका संघाला मार्गदर्शन करतो. या अनुभवातून माझे ठाम मत झाले आहे की ही तिन्ही उत्तरे चुकीच्या जागी पाहतात. स्पर्धा किती कठीण आहे हे तिच्या पहिल्या दोन-तीन संघांवरून कळत नाही. पंधराव्या, विसाव्या, चोविसाव्या क्रमांकावरचा संघ काय करू शकतो, यावरून ते कळते.

यासाठी सर्वांत स्पष्ट उदाहरण एफआरसीचे, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचे आहे. डीन केमेन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची ही स्पर्धा 1992 पासून चालू आहे. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो, सुमारे पन्नास किलोचे रोबो मुले बांधतात आणि तीन विरुद्ध तीन अशा अलायन्समध्ये, म्हणजे तीन-तीन संघांच्या युत्यांमध्ये, सामने होतात. भारतातले मोजके संघ यात उतरतात आणि खेळण्यासाठी ते परदेशातच जात आले आहेत. त्यामुळे कोणत्या ठिकाणची स्पर्धा निवडावी हा त्यांच्यासाठी लाखो रुपयांचा प्रश्न असतो. प्राथमिक फेरीनंतर आठ कर्णधार संघ आपापले जोडीदार निवडतात. पहिल्या फेरीत निवडीचा क्रम एक ते आठ असतो, दुसऱ्या फेरीत तो उलटा होऊन आठ ते एक असा चालतो. सर्वांनी ताकदीच्या क्रमाने अचूक निवड केली असे धरले, तर पहिल्या अलायन्समध्ये क्रमांक 1, 2 आणि 24 हे संघ येतात, तर आठव्या अलायन्समध्ये 15, 16 आणि 17.

आता दोन स्पर्धा डोळ्यांसमोर आणा. पहिलीत दोन जगज्जेत्या तोडीचे संघ आहेत, परंतु दहाव्या क्रमांकानंतर रोबो कसाबसा चालतो. तेथे 1 आणि 2 एकत्र आले की निकाल जवळजवळ लागल्यातच जमा असतो, कारण 15, 16 आणि 17 यांची बेरीज त्यांच्या जवळपासही जात नाही. दुसरीत जगप्रसिद्ध असा एकही संघ नाही, पण पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत घसरण अगदी सावकाश आहे. तेथे आठवे अलायन्स पहिल्याला घरी पाठवू शकते आणि कधीकधी पाठवतेही. पहिल्या स्पर्धेची नावे पाहून लोक तिला कठीण म्हणतात. प्रत्यक्षात प्रत्येक सामन्यात घाम काढणारी स्पर्धा दुसरी असते. पहिलीत हरणारे संघ एकाच प्रकारे हरतात आणि दुसरीत जिंकणाऱ्यालाही शेवटच्या तीस सेकंदांपर्यंत खात्री नसते.

ही मधली फळी मोजायची कशी? सामन्यात तीन रोबोंचे मिळून गुण कळतात, एकेकाचे कळत नाहीत, ही मूळ अडचण आहे. यावर एफआरसीतल्या मंडळींनी बऱ्याच वर्षांपूर्वी ओपीआर (ऑफेन्सिव्ह पॉवर रेटिंग) नावाची पद्धत रूढ केली. साठ संघ आणि प्रत्येकाचे अकरा सामने धरले तर एकूण 110 सामने होतात. प्रत्येक सामन्यातून दोन अलायन्सचे गुण मिळतात, म्हणजे 220 समीकरणे आणि अज्ञात संख्या फक्त साठ. लीस्ट स्क्वेअर्स पद्धतीने, म्हणजे एकूण चूक कमीत कमी राहील अशी उत्तरे शोधून, ती सोडवली की प्रत्येक संघाचा सरासरी वाटा हाती येतो. बारावीच्या गणितात रस असलेल्या कोणत्याही मुलाला हे समजते, आणि ज्या मुलांना मॅट्रिक्सचा उपयोग काय असा प्रश्न पडतो त्यांना मी हेच उदाहरण देतो. अलीकडे ईपीए (एक्स्पेक्टेड पॉइंट्स ॲडेड) नावाचे मापही वापरले जाते, जे बुद्धिबळातल्या एलो मानांकनाप्रमाणे प्रत्येक सामन्यानंतर सुधारत जाते आणि मागच्या हंगामांची कामगिरी सुरुवातीचा आधार म्हणून घेते.

मात्र आकड्यांना मर्यादा आहेत आणि त्या ध्यानात न घेता भाकीत करणारे लोक मला धोकादायक वाटतात. जो रोबो प्रतिस्पर्ध्याला अडवून धरतो, त्याची बचावाची कामगिरी ओपीआरमध्ये उमटत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळवलेले गुण आणि एप्रिलमध्ये मिळवलेले गुण एका मापाने मोजता येत नाहीत, कारण तोपर्यंत बहुतेक चांगले संघ आपली दुसरी स्पर्धा खेळत असतात, त्यांची स्वयंचलित फेरी (सामन्यातला चालकाविना चालणारा भाग) बिनचूक झालेली असते आणि चालक मुलांचा हात बसलेला असतो. त्यामुळे तीच संघयादी पहिल्या आठवड्यात सौम्य आणि पाचव्या आठवड्यात जीवघेणी ठरू शकते. हंगामाआधी केलेल्या भाकितात तर आणखी एक फट असते: मागच्या वर्षीचे बारावीचे विद्यार्थी गेलेले असतात, खेळ नवा असतो आणि संघाचे नाव तेवढे तेच राहते. म्हणून कोणताही संघ यंदा कसा असेल हे ठरवताना मी त्याच्या एका चांगल्या वर्षाला फारसे महत्त्व देत नाही. चार-पाच वर्षे तो सातत्याने वरच्या तिसऱ्या हिश्शात आहे का, त्याच्याकडे तेच मार्गदर्शक टिकून आहेत का आणि यंदा तो त्या ठिकाणी आपली पहिली स्पर्धा खेळणार आहे की दुसरी, एवढ्या तीन गोष्टी बऱ्यापैकी खरे चित्र देतात.

मिशिगनचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. तेथे 2009 पासून जिल्हा पद्धत आहे: संघ जवळच्या छोट्या स्पर्धांमध्ये किमान दोनदा खेळतात, गुण साठवतात आणि त्यातून राज्यस्पर्धेला जातात. प्रत्येक संघाला एका हंगामात दुप्पट सामने मिळू लागले आणि त्याचा लाभ शिखरावरच्या संघांपेक्षा मधल्या संघांना अधिक झाला, असे माझे वाचन आहे. तिथल्या राज्यस्पर्धेची गणना जगातल्या सर्वांत कठीण स्पर्धांमध्ये होते, ती याच रुंद पायामुळे.

रोबोकॉनकडे वळताना हेच माप वापरता येते, पण थोडे बदलून. पुणेकरांचे या स्पर्धेशी नाते जुने आहे. एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनचा आंतरराष्ट्रीय सामना 2008 मध्ये दहीहंडीच्या कल्पनेवर आणि 2014 मध्ये पालकत्वाच्या कल्पनेवर पुण्यातच झाला, आणि देशांतर्गत स्पर्धेसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल अनेक वर्षे गजबजलेले असे. 2014 मध्ये मोठ्या रोबोने लहान रोबोला सी-सॉवर बसवायचे, खांबांवरून चालवायचे, झोका द्यायचा आणि शेवटी जंगल जिमवर चढवायचे होते. स्पर्धा व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने जिंकली.

या आंतरराष्ट्रीय सामन्याला जगातला सर्वांत कठीण विद्यार्थी सामना म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि येथे माझे मत वेगळे आहे. एबीयू रोबोकॉनमध्ये प्रत्येक देशाचा एकच संघ असतो, यजमानांचे तेवढे दोन. म्हणजे जपान, चीन आणि व्हिएतनाम या देशांमधले दुसऱ्या, तिसऱ्या, आठव्या क्रमांकाचे संघ, जे कदाचित इतर अनेक देशांच्या विजेत्यांना सहज हरवतील, ते तेथे येतच नाहीत. शिखर अत्युच्च असते, पण मधली फळी विरळ असते. माझ्या मापाने व्हिएतनामची किंवा चीनची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणे हे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरी गाठण्यापेक्षा अवघड असले पाहिजे. जपानमध्ये तर तंत्रनिकेतनांचा रोबोकॉन 1988 पासून भरतो आहे. एवढ्या वर्षांत तिथल्या विसाव्या संघाकडेही मागच्या पिढीचे आराखडे, सुटे भाग आणि शिकवणारे माजी विद्यार्थी जमा झालेले असतात. आपल्याकडे सीओईपी, व्हीआयटी, पीसीसीओई यांसारख्या महाविद्यालयांच्या संघांना ही परंपरा लाभली आहे, आणि म्हणूनच पुण्यातल्या एखाद्या संघाशी झालेला सराव सामनासुद्धा दूरच्या राज्यातल्या नवख्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेपेक्षा जड जाऊ शकतो.

रोबोकॉनमध्ये सामने फार कमी मिळतात, हेही विसरता कामा नये. साधारणपणे तीन संघांचा गट, गटात दोन सामने, प्रत्येक सामना तीन मिनिटांचा आणि पुढे बाद फेरी. एफआरसीत दहा-बारा सामन्यांत एखादा वाईट गेला तरी सावरता येते. येथे एक सैल झालेली वायर वर्षभराचे काम संपवते. त्यामुळे निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि केवळ निकाल पाहून कोणते वर्ष कठीण होते हे सांगता येत नाही. खेळाची रचनाही पाहावी लागते. 2014 च्या खेळात कामांची साखळी होती, अशा खेळात मधले संघ एखाद्या टप्प्यावर अडकून पडतात आणि अंतर खूप वाढते. दिल्लीत 2022 मध्ये लगोरीवर आधारलेला खेळ झाला, त्यात एक संघ लगोरी रचत असताना दुसरा चेंडू मारून त्यात अडथळा आणत होता. अशा खेळात दुबळा संघही बलाढ्य संघाचे गणित बिघडवू शकतो. म्हणून रोबोकॉनसाठी मी एकच प्रश्न विचारतो: सोळाव्या क्रमांकाच्या संघाला संपूर्ण काम पूर्ण करायला किती सेकंद लागतात? तो वेळ पहिल्या संघाच्या वेळेच्या जितका जवळ, तितकी स्पर्धा कठीण. सोळावा संघ काम पूर्णच करू शकत नसेल, तर विजेत्याचा विक्रम कितीही देखणा असला तरी स्पर्धा खोल नव्हती, असेच म्हणावे लागेल.

वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या रोबोमिशन गटाबद्दल थोडक्यात सांगतो. तेथे प्रतिस्पर्धी समोर नसतो, लढत घड्याळाशी आणि त्या दिवशी जाहीर होणाऱ्या आकस्मिक नियमाशी असते. वरच्या संघांचे गुण सारखे झाले की वेळ निर्णायक ठरतो, त्यामुळे पूर्ण गुण मिळवणाऱ्यांची संख्या हेच तिथले माप.

एफटीसीत, म्हणजे ‘फर्स्ट’च्याच फर्स्ट टेक चॅलेंज या स्पर्धेत, मात्र एक वेगळीच गुंतागुंत आहे आणि पुण्यातल्या शालेय संघांचा तिच्याशी थेट संबंध येतो. 18 इंचांच्या घनात मावणारा रोबो, दोन विरुद्ध दोन असे सामने, आणि त्याच्या जोडीला परीक्षकांसमोरची मुलाखत व अभियांत्रिकी वही (आता पोर्टफोलिओ). पुढच्या पातळीवर कोण जाणार याच्या क्रमात अनेक वर्षे परीक्षकांनी दिलेल्या इन्स्पायर पुरस्काराचा विजेता सर्वांत वर असे. त्यामुळे मैदानावर कठीण असलेली स्पर्धा आणि पुढे जाण्यासाठी कठीण असलेली स्पर्धा या दोन निरनिराळ्या गोष्टी ठरतात. मी अशा स्पर्धा पाहिल्या आहेत जिथे रोबो सामान्य होते, पण पाच-सहा संघांच्या वह्या आणि समाजातले काम इतके तोलामोलाचे होते की परीक्षकांची कसोटी लागावी. ‘आमची मुले कठीण स्पर्धेत उतरली’ असे सांगताना यातली कोणती कठीणता, हे सांगायला हवे.

हे सगळे मी एवढ्या तपशिलाने लिहितो आहे, कारण चुकीच्या मापाची किंमत मुले मोजतात. एका शाळेने संघाला केवळ नाव मोठे म्हणून एका स्पर्धेला पाठवल्याचे मी जवळून पाहिले आहे. प्रवासाचा खर्च पालकांनी उचलला, सहभागी संघ थोडे होते, त्यातले बरेचसे तयार संच जोडून आलेले होते, आणि मुले पदक घेऊन परतली तेव्हा आपल्या रोबोच्या ग्रिपरमध्ये दोष आहे हे त्यांना कोणी दाखवूनच दिलेले नव्हते. तो दोष पुढे एका तगड्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात उघडा पडला. याउलट, तपकीर गल्लीतून मोटारी आणि सेन्सर गोळा करून, भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून पत्रा कापून आणणारे जे संघ मधल्या फळीने समृद्ध अशा स्पर्धेत अठरावे येतात, ते पुढच्या वर्षी ओळखू येत नाहीत इतके बदललेले असतात. त्यांना प्रत्येक सामन्यात आपल्यापेक्षा थोडा सरस प्रतिस्पर्धी भेटलेला असतो, आणि थोडा सरस प्रतिस्पर्धी जे शिकवतो ते जगज्जेता शिकवू शकत नाही, कारण जगज्जेत्याशी हरताना नेमके कुठे कमी पडलो हेच कळत नाही.

तरीही आपल्याकडे हे माप वापरणे आज अवघड आहे, याचे कारण आकडेवारी. एफआरसीचा प्रत्येक सामना आणि प्रत्येक गुण संकेतस्थळांवर खुला आहे, त्यामुळेच तिथली मुले जेवणाच्या टेबलावर बसून पुढच्या आठवड्याचे भाकीत करू शकतात. देशातल्या रोबोकॉनच्या आणि इतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या बाबतीत विजेत्यांची नावे आणि छायाचित्रे मिळतात, पण गटातल्या शेवटच्या संघाने किती गुण मिळवले, काम किती सेकंदांत झाले, कितीदा रिट्राय (पुन्हा सुरुवात) घेतला, ही माहिती मला एका जागी व्यवस्थित अशी सापडलेली नाही. संयोजकांनी ती प्रसिद्ध करावी अशी माझी जाहीर विनंती आहे. ते होईपर्यंत पुण्यातल्या महाविद्यालयांच्या रोबोटिक्स क्लबांनी एकत्र येऊन एक काम हाती घ्यावे: प्रेक्षागृहात बसलेल्या कनिष्ठ विद्यार्थ्यांनी प्रत्येक सामन्याची संघ, गुण, पूर्ण झालेली कामे आणि वेळ अशी नोंद करावी, आणि सगळ्या क्लबांची नोंद एका सामायिक शीटमध्ये यावी. शालेय संघ चालवणाऱ्या मार्गदर्शकांपैकी ज्यांची यात सहभागी होण्याची तयारी असेल त्यांनी मला कळवावे. शीटचे रकाने मी आखून ठेवले आहेत आणि पहिल्या संघाइतकीच जागा त्यात चोविसाव्या संघासाठीही आहे.