केबिनमध्ये कोणीच नव्हतं

आज फार राग आलाय, म्हणून लिहितेय. लांबेल. वेळ असेल तरच वाचा.

दुपारी अण्णांना सिनेमाला घेऊन गेले होते. मल्टिप्लेक्स, साडेतीनशेचं तिकीट, मऊ खुर्च्या. सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, अण्णा कानाशी आले आणि म्हणाले, "पडद्यावर लाइट कमी आहे." मला वाटलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्याचंच काही असेल. तर म्हणाले, "माझा डोळा ठीक आहे गं." आणि मागे वळून वर प्रोजेक्टरच्या केबिनच्या खिडकीकडे बघत बसले. सिनेमा सोडून खिडकीकडे! आत माणूस असेल, त्याला दिसेल, तो करेल नीट, ही त्यांची खात्री. वीस मिनिटं वाट बघितली आणि मग उठलेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या एका थिएटरात एकोणतीस वर्षं ऑपरेटर होते, प्रोजेक्टर चालवायचे. त्यांना एकदा सणसणून ताप भरला होता. मी चौथीत होते. आईने डबा देऊन पाठवलं. केबिनमध्ये भट्टीसारखं गरम, प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळतायत, दोन्ही मशीनचा खडखडाट, आणि अण्णा अंगावर शाल घेऊन भिंतीतल्या त्या चौकोनी भोकाला डोळा लावून उभे. म्हणाले, "तूच भरव, मला वळता यायचं नाही." मी स्टुलावर चढून त्यांना भाकरीचे घास भरवले. नजर पडद्यावरून हलली नाही. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक टिपका येतो. पहिला टिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटार चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा आला की चेंजओव्हर, म्हणजे चित्र त्या मशीनवर घ्यायचं. चुकला तर पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. १००० फुटांचं रीळ ११ मिनिटांचं, दोन जोडून मशीनवर चढवायची. म्हणजे दर वीस-बावीस मिनिटांनी हे. त्या रात्री एकही चुकला नाही.

तर आज. बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरवर एक पोरगा सापडला. अण्णा म्हणाले, "ऑपरेटरला बोलव जरा." तो म्हणाला, "काका, ऑपरेटर नसतो. सिस्टीमला शेड्यूल लावलेलं असतं, शो आपोआप सुरू होतो." केबिनमध्ये कोणीच नव्हतं. शेवटी तोच वर जाऊन बघून आला. आधीचा शो थ्रीडी होता आणि लेन्सपुढचा फिल्टर काढायचा राहिला होता. अर्धा तास दीडशे माणसांनी काळवंडलेला सिनेमा बघितला. कॅमेरामनने एकेका दिव्यासाठी जीव टाकलेला असतो, त्याची किंमत ही? आणि दीडशेतलं एकही माणूस उठलं नाही, याचा राग मला त्या थिएटरवाल्यांपेक्षा जास्त आलाय.

हो, मान्य आहे, पूर्वी आमच्या गावात सिनेमा यायला महिनोन्महिने लागायचे. एसटीच्या टपावरून पेटी यायची, तीही शहरात झिजून, ओरखडे पडून आलेली प्रिंट. मराठी निर्मात्याकडे तर मोजक्याच प्रिंट काढायला पैसे असायचे. २००५-०६ नंतर थिएटरांच्या छपरावर डिश बसायला लागल्या, सॅटेलाइटवरून सिनेमा उतरायला लागला, आणि पुण्या-मुंबईच्याच शुक्रवारी तालुक्यालाही लागायला लागला. खेड्यातला पोरगा आज मोबाईलवर शूट करून लॅपटॉपवर एडिट करतो. चारशे फुटांच्या डब्यात साडेचार मिनिटंच मावणाऱ्या निगेटिव्ह फिल्मच्या काळात त्याला कोणी कॅमेऱ्याजवळ फिरकू दिलं नसतं. चांगलंच झालं ते.

पण बघणारा माणूस काढून टाका, असं कोणी सांगितलं होतं? प्रोजेक्टर बदलला तरी भिंतीतल्या त्या भोकाला एक डोळा ठेवता आला असता की नाही?

आणि आता प्रत्येक गोष्टीला कुलूप. सिनेमा हार्ड डिस्कवर येतो, त्याची डिजिटल किल्ली वेगळी येते. ती त्याच सर्व्हरला चालते आणि ठरलेल्या वेळेतच चालते. माझ्या एका मित्राच्या पहिल्या सिनेमाचा पहिला शो किल्ली न उघडल्यामुळे रद्द झाला. त्याची आई नवी साडी नेसून आली होती. रीळ तुटलं तर अण्णा दोन मिनिटांत जोडायचे, टेप लावून. किल्लीला टेप कुठे लावणार?

घरी बघायचं म्हणाल तर भाचा परवा दीडपट स्पीडने सिनेमा बघत होता. "मावशी, वेळ वाचतो." मी ओरडले त्याच्यावर. नंतर वाईट वाटलं. त्याला कधी कोणी अंधारात, शंभर माणसांत, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत बसवलंच नाही, त्यात त्याचा काय दोष.

२०१२च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, ती बातमी अण्णांनी मला वाचून दाखवली होती. तोवर त्यांच्या थिएटरातली दोन्ही मशीनं भंगारात वजनावर गेली होती. त्यांच्याकडे उरलेत ते कापलेल्या फिल्मचे वीतभर तुकडे, बिस्किटांच्या डब्यात. एखादा उचलून खिडकीकडे धरला की माणसाचा चेहरा दिसतो. वीज नको, पासवर्ड नको. मी फोनवर यादीत ठेवलेला एक सिनेमा मागच्या महिन्यात गायब झाला. ॲपवरचे हक्क संपले म्हणे.

तो काउंटरवरचा पोरगा मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये. सुरुवातीला त्याच्यावरही चिडले होते. पण तो एकटा तिकिटंही फाडत होता, पॉपकॉर्नही भरत होता, आणि वर पाच स्क्रीन. इंटरव्हलला स्वतः येऊन अण्णांना म्हणाला, "काका, तुम्हाला कसं कळलं?" अण्णा त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलले. टिपक्याबद्दल, कांड्यांबद्दल. त्या तापाच्या रात्रीबद्दलही. ती त्यांनी मला कधी सांगितलेली नव्हती, मी होते तिथे म्हणून मला माहीत. सिनेमा पुन्हा सुरू झाला तरी त्या पोराला जावंसं वाटेना.

उत्तरार्धात मी अण्णांकडेच बघत होते. दर थोड्या वेळाने त्यांची नजर उजव्या कोपऱ्यात वर जायची. तिथे आता काही येत नाही.

पुढच्या रविवारी परत जायचंय म्हणतात. तिकिटं शेवटच्या रांगेतली काढ, असं बजावलंय. केबिनच्या खिडकीखालची.