शाळेची गळती आणि हेडमास्तरांवरचा आळ

गेले काही महिने तालुक्याच्या आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सरकार दर वर्षी प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला इमारतीसाठी लाखो रुपये देतं. तरी शाळा गळतात, म्हणजे हेडमास्तर आणि समिती मिळून पैसे खातात. केंद्राच्या नव्या योजनेत तर कोट्यवधी आलेत. पंधरा-वीस पोरांच्या शाळा दुरुस्त करणं ही उधळपट्टी आहे, त्या बंद करा आणि पोरांना गाडी लावा. आणि ज्या गावाला शाळा हवीच असेल त्यानं वर्गणी काढावी. खाली नेहमीचं, ‘सहमत असाल तर पुढे पाठवा.’

मी पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसतो. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. शाळेचा जमाखर्च मी वाचलेला आहे आणि गळक्या खोलीत उभाही राहिलेलो आहे. या मजकुरातलं एकेक वाक्य तपासून पाहू.

‘दर वर्षी लाखो रुपये येतात.’ शाळेच्या खात्यावर दर वर्षी जे येतं त्याला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात. २०१८-१९ पासून सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेतून ते मिळतं. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. रक्कम पटावर ठरते. योजनेच्या निकषाप्रमाणे ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. म्हणजे एक लाखाचा आकडा गाठायला शाळेत हजारावर मुलं लागतात. खान्देशातल्या खेड्यात अशी जिल्हा परिषद शाळा शोधून दाखवावी.

आता त्या दहा किंवा पंचवीस हजारांत काय काय बसवायचं ते पाहा. लाइट बिल, खडू, हजेरी पत्रकं, पाण्याची टाकी, नळाच्या तोट्या, बिघडलेला पंखा, इंटरनेट. निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. इमारतीची किरकोळ डागडुजीही यातूनच करायची आहे, हे मी लपवत नाही, नियमात तसं लिहिलेलंच आहे. पण हिशेब मांडून बघा. स्लॅबवर कोबा करायला मिस्त्रीनं चौरस फुटाला साठ रुपये जरी सांगितले, तरी पाचशे फुटांच्या एका खोलीला तीस हजार लागतात. साठ पटाच्या शाळेचं सगळं वर्षाचं अनुदान एका खोलीच्या गच्चीवर घातलं तरी पाच हजार कमीच पडतात, आणि वर्षभराचं लाइट बिल तसंच उरतं.

शिवाय हे पैसे आता आधीसारखे खात्यात पडून राहत नाहीत. २०२१ नंतर केंद्राच्या योजनांना एकाच मुख्य खात्याची पद्धत लागू झाली. शाळेच्या खात्यात शिल्लक शून्य असते, वरून फक्त खर्चाची मर्यादा ठरवून मिळते. ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर मर्यादा संपते. मर्यादा फेब्रुवारी-मार्चात आली की गुरुजींची धावपळ सुरू होते. कोटेशन आणा, बिल लावा, सही घ्या. अशा घाईत कोणी गच्चीची दुरुस्ती करत नाही. घाईत होते ती खरेदी.

‘हेडमास्तर खातात.’ पन्नास-साठ रुपयांचं झाडू-फिनेलचं बिल वाढवून लावणारा कोणी असेल, तर त्याची बाजू मी घेणार नाही. शाळेच्या खात्यावर अध्यक्षाची सही लागते आणि अध्यक्ष पालकांतला असतो. म्हणून पासबुक आणि बिलं सभेत मागायचा हक्क आपल्यालाच आहे. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच हव्यात. पण स्लॅब गळतो त्याचा पैसा हेडमास्तरांच्या हातून जातच नाही, आणि मजकूर लिहिणाऱ्यानं नेमकं हेच पाहिलेलं नाही.

मोठी दुरुस्ती आणि नवी खोली यांचा रस्ता वेगळा आहे. तो पैसा प्रामुख्यानं जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. आदिवासी भागात आदिवासी उपयोजनेतून, आणि काही कामं समग्र शिक्षाच्या वार्षिक आराखड्यात मंजूर होतात. समितीनं ठराव करायचा, हेडमास्तरांनी प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा. मग बांधकाम विभागाचा शाखा अभियंता येऊन अंदाजपत्रक करतो. त्यावर तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एम. बी. मध्ये, नोंद होते आणि बिल थेट ठेकेदाराला जातं. या साखळीत हेडमास्तरांचं काम अर्ज करण्यापुरतं आहे.

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात असं नव्हतं. तेव्हा खोल्यांचं बांधकाम गावाच्या समितीमार्फत व्हायचं, सिमेंट-वाळूची बिलं गुरुजींनाच सांभाळावी लागायची. ‘गुरुजींनी खाल्ले’ ही समजूत बहुधा तिथूनच आली आणि तशीच राहिली.

या सगळ्यात सर्वांत अवघड टप्पा असतो तो निर्लेखनाचा, म्हणजे पडकी इमारत नोंदीतून रीतसर काढून टाकण्याचा. इमारत धोकादायक झाली म्हणून गाव ती आपल्या मर्जीनं पाडू शकत नाही. ती जिल्हा परिषदेची मालमत्ता आहे. अभियंत्यानं ती वापरायोग्य नाही असा दाखला द्यायचा, प्रस्ताव वर जायचा, मंजुरी मिळायची, मग जुन्या लाकडा-पत्र्यांचा लिलाव. तोवर पडकी खोली कागदावर ‘खोली’च असते. खोल्या मोजताना तीही धरली गेली तर शाळेला खोल्या पुरेशा आहेत असं दिसतं आणि नव्या खोलीचा प्रस्ताव मागे पडतो. दाराला कुलूप, भिंतीवर लाल अक्षरांत ‘धोकादायक’, आणि नोंदवहीत मात्र ती चांगली वर्गखोली. अशा खोल्या कितीतरी गावांत आहेत.

शाळांनी सरकारला दर वर्षी भरून द्यायच्या माहितीतही, म्हणजे यू-डायसमध्येही, हाच घोळ होतो. त्यात प्रत्येक वर्गखोली चांगली आहे, किरकोळ दुरुस्तीची आहे की मोठ्या दुरुस्तीची, हे भरायचं असतं. तपासणीत शाळा नीट दिसावी म्हणून कोणी ‘चांगली’ भरून टाकलं की त्या शाळेची गरज वरच्या यादीतून गायब होते. समितीनं ती माहिती पाठवण्याआधी वाचावी, एवढी साधी गोष्ट आहे. आम्ही ती वाचायला लागलो तेव्हा कुठे कळलं की आमच्या कौलारू खोल्यांची खरी अवस्था वर पोहोचतच नव्हती.

भ्रष्टाचार होत नाही असं मी म्हणत नाही. तो होतो, पण कामावर होतो. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत नेला नाही तर ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी फाटते. अंदाजपत्रकात ‘तडे बुजवणे’ लिहून त्यावर गिलावा फिरवला की बिल निघतं. पुढच्या मे महिन्यात तडा पुन्हा तिथेच. स्लॅबचंही तेच. सळईवर सिमेंटचं आवरण पातळ ठेवलं, वरून पाणी मुरलं, की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. वर्गात जे पोपडे पडतात ते असे. त्यावर रंग मारला तर आतलं गंजणं थांबत नाही, दिसत नाही एवढंच. चोरी पकडायची तर माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि एम. बी. ची नक्कल मागा, दोष दायित्वाची मुदत कधी संपते ते विचारा आणि त्या मुदतीत गळती झाली तर ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्या.

‘केंद्राच्या नव्या योजनेत कोट्यवधी आले.’ हा रोख पीएम श्री योजनेवर आहे. २०२२ मध्ये ती मंजूर झाली, पाच वर्षांसाठी २७,३६० कोटी रुपये. आकडा खरा आहे. पण तो संपूर्ण देशातल्या १४,५०० शाळांसाठी आहे आणि देशात सरकारी शाळा दहा लाखांच्या वर आहेत. एका तालुक्यातून जास्तीत जास्त दोन शाळा, एक प्राथमिक आणि एक माध्यमिक. त्यातही निवडीसाठी इमारत आधीच चांगली असावी लागते. ज्या शाळेचं छत टपकतं ती या स्पर्धेत उतरूच शकत नाही. राज्याच्या ‘माझी शाळा सुंदर शाळा’ अभियानाचंही असंच. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस होतं आणि ज्यांनी मेहनत घेतली त्यांचं मला कौतुक आहे. पण बक्षीस जिंकणाऱ्याला मिळतं, दुरुस्ती गरज असेल तिथे व्हायला हवी.

‘कमी पटाच्या शाळा बंद करा, गाडी लावा.’ हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला, कारण त्याचा फटका थेट नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांना बसतो. २०२३ साली समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचा विचार पुढे आला तेव्हा सरकारी पत्रात आपल्याच तोरणमाळचं उदाहरण दिलेलं होतं. तोरणमाळला निवासी शाळा आहे, पोरं तिथेच राहतात. ते उदाहरण दाखवून पहिलीच्या पोराला रोज गाडीत बसवायचं, हे कसं जुळतं? नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. सातपुड्यात नकाशावरचा एक किलोमीटर म्हणजे एक दरी आणि एक नाला असतो. जुलै-ऑगस्टात त्या नाल्याला पूर असतो आणि जीप पाड्यापर्यंत येत नाही.

पैशांचंही बघू. समग्र शिक्षात वाहतूक भत्त्याचा निकष एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत आहे. पंधरा पोरांचे ९०,००० झाले, आणि ते दर वर्षी द्यायचे. खोली एकदा नीट बांधली तर पिढी शिकून जाते. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात. आजीजवळ मागे राहिलेली पोरगी पाड्यावरच्या शाळेत जाते. दुसऱ्या गावची गाडी पकडायची झाली तर ती घरीच धाकट्याला सांभाळत बसेल.

आणि पट कमी का झाला, हेही विचारायला हवं. ज्या वर्गात पाणी टपकतं तिथून आईबाप पोराला काढतात आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात. आधी दुरुस्ती रोखायची, मग पट घटला म्हणायचं, मग पट नाही म्हणून दुरुस्ती नाकारायची.

‘गावानं वर्गणी काढावी.’ गावं काढतातच. पंखे, टीव्ही संच, रंग, दप्तरं, कंपाउंडचं गेट, लोकसहभागातून काय काय आलंय ते कुठल्याही शाळेच्या भिंतीवरच्या देणगीदारांच्या यादीत वाचता येईल. शाकारणीला तर आम्ही स्वतः चढतो. डोंगरालगतच्या शाळांवर वानरांची टोळी एका दुपारी निम्मी कौलं फोडून जाते, त्यासाठी कोणी मंजुरीची वाट पाहत नाही. पण वर्गणीतून घातलेल्या स्लॅबचं अंदाजपत्रक कोण करणार, लोखंड किती घालायचं ते कोण ठरवणार, आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्याच्या नवव्या कलमात शाळा इमारतीसह सुविधा देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. आपल्याकडे ते प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या गावानं वर्गणीतून हे कर्तव्य का उचलायचं?

आमच्या सभेत एक आजी उठून म्हणाल्या होत्या, ‘आमना पोऱ्हे आठे बसतस. छत पडनं ते कोन जबाबदार?’ म्हणजे, आमची पोरं इथे बसतात, छत पडलं तर कोण जबाबदार? २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. त्यानंतर केंद्रानं सगळ्या राज्यांना शाळा इमारतींची सुरक्षा तपासणी करायला सांगितलं. आपल्या शाळेची ती तपासणी झाली का, अहवालात काय लिहिलंय, हे विचारणारा मेसेज मात्र मला अजून एकाही ग्रुपवर आलेला नाही.

जाब विचारायची ठिकाणं पक्की आहेत. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. गटातला सदस्य आणि शिक्षण सभापती नसले की पाठपुरावा गावालाच करावा लागतो. समितीच्या सभेत खोलीनिहाय ठराव करा: कुठली खोली निर्लेखित करायची, कुठलीची मोठी दुरुस्ती, नवी किती. सोबत तारीख दिसेल असे फोटो लावा. प्रस्तावाची पोच गटशिक्षण कार्यालयातून घ्या आणि त्याची एक प्रत बांधकाम उपविभागाला द्या. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्चायला जिल्हा परिषदेला दोन वर्षं मिळतात, तेव्हा यंदाच्या यादीत नाव नसेल तर गेल्या वर्षीच्या यादीतलं कुठलं काम अजून सुरूच झालं नाही तेही विचारा. स्वच्छतागृह आणि पाण्यासाठी ग्रामपंचायतीकडे जा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. त्यातून शाळेला काय मिळालं, हे ग्रामसभेत सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) विचारता येतं. आणि तोवर ‘धोकादायक’ लिहिलेल्या खोलीत पोरं बसवू देऊ नका. समाजमंदिर उघडा, मारुतीच्या पारावर वर्ग भरवा, पण त्या छताखाली नको.